धुळ्याहून परळला, 1948

धुळे स्टेशनावर थंडीतली पहाट आहे. जिल्ह्याचं नाव अजून पश्चिम खानदेश आहे. फलाटावर तुमच्या शेजारी आबा बसलेत, तुमचे चुलते. डोकं ठणकतं, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. गेल्या महिन्यात नाकातून रक्त यायचं थांबेना, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या.

चाळीसगावला गाडी बदलून तुम्ही जी.आय.पी.च्या मोठ्या गाडीत चढता. मनमाड, नाशिक रोड, मग इगतपुरी. तिथे वाफेचं इंजिन सुटतं, विजेचं लागतं आणि गाडी कसारा घाट उतरू लागते. आबा फडकं सोडतात. कळण्याची भाकरी, वर ठेचा, कडेला मिठाची पुडी. तुम्ही आजच्या काळातून आला आहात, म्हणून ती पुडी हळूच बाजूला सारता. "मीठ बी नको का रे भाऊ?" आबा विचारतात. उत्तर द्यायला सोपं नाही. घरी तुमच्या खिशात अमलोडिपिनची पट्टी असते, दहा गोळ्यांची. इथे ती नाही आणि जगात कुठल्याच दुकानात ती मिळणार नाही.

या वर्षी रक्तदाबावर आहे तरी काय? विश्रांती, झोपेच्या गोळ्या, अमेरिकेत निघालेला बिनमिठाचा भात-फळांचा आहार, आणि फारच बेतलं तर पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. तीनच वर्षांपूर्वी, 12 एप्रिल 1945 रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. कोसळल्यावर त्यांचा दाब मोजला तो 300 वर 190. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला द्यायला डॉक्टरांजवळ खात्रीचं औषध नव्हतं. मग आबांसारख्या शिरपूरकडच्या शेतकऱ्याचं काय?

दादरला उतरून परळ. गिरणीचा भोंगा होतो. के.ई.एम. रुग्णालय 1926 सालचं आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तुमच्यापुढे गिरणी कामगार उभे आहेत, कुणाच्या केसांत अजून कापसाची तूस आहे. आबांच्या दंडाला कापडी पट्टा बांधला जातो. फुगा दाबताच काचेच्या नळीतला पारा वर चढतो. तरुण डॉक्टर स्टेथोस्कोप कोपरात धरून हवा सोडू लागतात. ठोके कधी सुरू झाले आणि कधी विरले, एवढंच त्यांना ऐकायचं आहे. ही युक्ती रशियातल्या कोरोत्कोव यांनी 1905 साली सांगितली. 210 वर 120. डॉक्टर आकडा लिहितात, आबांना पडून राहायला सांगतात आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजतात.

तेवढ्यात फेरीवर असलेले डॉ. रुस्तम जाल वकील दारातून जातात. वय 37, शिक्षण लंडनचं. त्यांच्याकडून आबांना मिळणार आहे ती सर्पगंधाची मुळी, वाळवून, कुटून केलेली गोळी. मुळी नवी नाही. आयुर्वेदात ती शतकानुशतकं आहे. बिहारमध्ये तिला पागल की दवा म्हणतात. 1931 मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर चालते असं छापलं, आणि 1934 पासून तिच्या गोळ्या बाजारातही आहेत. नवी आहे ती शेजारची वही. गोळीआधीचा दाब, गोळी चालू असतानाचा, आणि गोळी थांबवल्यानंतरचाही. अनुभवाने गुण येतो असं सांगणारे वैद्य-डॉक्टर देशात भरपूर होते. वकिलांनी तो गुण पाऱ्याच्या नळीत मोजून दाखवायचं ठरवलं, आणि माझ्या मते आपल्याकडच्या वैद्यकातलं हे फार मोठं पाऊल आहे.

आबा वॉर्डात आहेत. नाक चोंदल्यासारखं वाटतं, सुस्ती येते, नाडी मंद झाली आहे. पण डोकं शांत आहे. पारा दर आठवड्याला थोडा खाली थांबतो.

आता वर्षं भराभर सरू द्या. 1949 : 50 रुग्णांवरचा वकिलांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये येतो. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स तो वाचतात आणि मुळी मागवून आपल्या रुग्णांना देऊन पाहतात. 1952 : स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीचे शास्त्रज्ञ मुळीतून रेसरपिन वेगळं काढतात. हे द्रव्य नसांच्या टोकांत साठलेलं नॉरॲड्रिनॅलिन रिकामं करतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काहींना खोल उदासीने गाठलं, हेही तेव्हाच्या डॉक्टरांना दिसलं. 1957 साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळतो.

आणि 1967 मध्ये जरा थांबाच. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या 143 माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीचा निकाल लागतो. खालचा दाब 115 ते 129 असलेली ही माणसं. निम्म्यांना तीन औषधं, त्यांतलं एक रेसरपिन. निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांत 27 जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधवाल्यांत फक्त 2 जणांवर. दाब उतरवला की माणूस वाचतो, हे तोवर बऱ्याच डॉक्टरांना मान्यही नव्हतं.

तुम्ही आता आजच्या काळात, जळगावातल्या आपल्या घरी परतला आहात. रेसरपिन क्वचितच लिहून दिलं जातं. जास्त सोसवणाऱ्या गोळ्या आल्या, आणि त्या स्वस्तही आहेत. आबांसारखं नाकातून रक्त येण्याची वाट बघू नका, कारण वाढलेला दाब बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. तिशी ओलांडली असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाब मोजून घ्या, पैसे लागत नाहीत. घरातल्या आबांना, आजीलाही सोबत न्या. आणि गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने ती बंद करू नका.