यू कॅन हील युवर लाइफ (माहितीपट)

अमेरिकन लेखिका लुईस हे (१९२६–२०१७) यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या स्वमदत पुस्तकावरील माहितीपट (२००७). दिग्दर्शक मायकल गूर्जियन. अशा पुस्तकात ना कथानक असते, ना पात्रे. असतो तो वाचकाशी थेट संवाद आणि त्याने स्वतः करायचे सराव. त्यामुळे पडद्यावर सारा भार लेखिकेच्या उपस्थितीवर येतो. वेन डायर यांच्यासारख्या वक्त्यांच्या मुलाखतीही चित्रपटात आहेत. पुस्तकातील आरशाचा सराव दृश्यमाध्यमाला विशेष मानवणारा: आरशात स्वतःच्या डोळ्यांत पाहायचे आणि आपण आहोत तसे आपल्याला मान्य आहोत, असे मोठ्याने म्हणायचे. वाचताना हा सराव सोपा वाटतो. तो करणाऱ्याचा अवघडलेपणा कॅमेराच दाखवू शकतो. याउलट, आजार आणि त्यांमागची कथित मानसिक कारणे यांची पुस्तकातील लांबलचक यादी मुळातच चित्रणाला प्रतिकूल. या कार्यकारणभावाला वैद्यकीय पुरावा नाही. विचार बदलून आपला कर्करोग बरा झाल्याचा लुईस हे यांचा दावाही स्वतंत्रपणे सिद्ध झालेला नाही. माहितीपटाने असे दावे तपासायला हवेत. हा चित्रपट मात्र प्रचारपटाच्या जवळ जातो. गूर्जियन यांनी पुढे डायर यांना घेऊन ‘द शिफ्ट’ (२००९) हा चित्रपट दिग्दर्शित केला.