किल्ला पडल्यानंतरची श्रद्धा

उत्तर कोकणातल्या किल्ल्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट घेतला, तेथे बाजी भिवराव पडले आणि मे महिन्यात वसई हाती आली, हे आपल्याला पाठ असते. पालघर-बोईसर भागाचे जुने कागद चाळताना मला मात्र वेगळाच प्रश्न सतावत राहिला. पोर्तुगीज गेले, मग त्यांच्यासोबत आलेला धर्म मागे कसा राहिला?

प्रश्न साधा नाही. १५३४च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे आला, तेव्हापासून दोनशे वर्षे या धर्मामागे सत्ता उभी होती. सवलती होत्या, धाक होता, देवळांची मोडतोडही झाली. हे झाकण्यात अर्थ नाही. पण सत्तेने दिलेले सत्तेबरोबर जायला हवे होते. वसईच्या शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्तींना धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. पेशव्यांच्या बाजूचा हा शहाणपणा नोंदवलाच पाहिजे. तरीही मोकळीक मिळणे वेगळे आणि श्रद्धा टिकवणे वेगळे. युरोपीय पाद्री निघून गेले. चर्चचा भार देशी धर्मगुरूंवर आणि शेतकरी-कोळी कुटुंबांवर आला.

माझ्या मते उत्तर त्यांच्या मृत्यूविषयीच्या धारणेत सापडते. आपल्याकडे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे म्हणजे मोक्ष. ख्रिस्ती श्रद्धेत फेरा नाही. आयुष्य एकदाच, त्यानंतर न्याय, पुनरुत्थान आणि देवाच्या सहवासातले न संपणारे जीवन. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हाच शब्द घेतला. ओवीच्या कानाला सरावलेल्या माणसाला तो परका वाटला नसणार. पुढच्या मराठी बायबलांत ‘सार्वकालिक जीवन’ रूढ झाले. त्याच्या शेजारी दोन सख्खे शब्द आहेत, ‘विश्वास’ आणि ‘विश्वासू’. पहिला मनातला, दुसरा वागण्यातला. दुसऱ्यावाचून पहिला पोकळ, अशी ही शिकवण आहे.

तिचे टोकाचे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. गोन्सालो गार्सिया १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. कोवळ्या वयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, वर्षानुवर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. पण त्याला त्या संघात प्रवेश मिळाला नाही. त्याने व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाष्या म्हणून जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. मला मरणाइतकेच त्याचे आधीचे आयुष्य महत्त्वाचे वाटते. नाकारला गेलेला माणूस निष्ठा सोडत नाही, हे त्यात दिसते.

वसईत श्रद्धेला जमीन होती, वाडवडिलांच्या कबरी होत्या. दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, त्या कबरींवर फुले आणि मेणबत्त्या असतात. मेलेला माणूस नाहीसा झालेला नाही, हे तिथे दरवर्षी नव्याने सांगितले जाते. पितृपक्ष पाळणाऱ्या शेजाऱ्याला हा भाव समजावून सांगावा लागत नाही.

उत्तरेकडे चित्र पालटते. अमेरिकेतल्या ब्रेदरन पंथाच्या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बलसाडला काम सुरू केले आणि ते पुढे डहाणूपर्यंत पोहोचले. त्यांच्या इथल्या खुणा दवाखाना आणि शाळा या आहेत. १९७० साली या पंथाच्या बहुतेक मंडळ्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि दूरदूरच्या राज्यांतून ख्रिस्ती कामगारही आले. १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात हा सारा पट्टा येतो.

या नव्या कुटुंबांपाशी किल्ला नाही, पिढीजात शेत नाही, पूर्वजांच्या कबरीही शेकडो मैल दूर. पाळी संपवून रविवारी उपासनेला जाणाऱ्या कामगाराकडे उरतो तो फक्त ‘विश्वासू’ हा शब्द. म्हणजे केलेल्या कामाशी, दिलेल्या वचनाशी आणि शेजाऱ्याशी इमान. १७३९ नंतर वसईकरांनीही, मला वाटते, याच भांडवलावर संसार पुन्हा उभा केला. किल्ल्यांच्या इतिहासात या भांडवलाची नोंद नाही. ती आपण करायला हवी.