थर जुळवण्याची विद्या

हिंगोली हा काही कागदाचा जिल्हा नव्हे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा मुलूख ओळखला जातो तो वसमतच्या हळदीसाठी, औंढ्याच्या नागनाथासाठी आणि नर्सीच्या नामदेवांसाठी. तरी लग्नाच्या बुफेत हाती येणारा, कडेला ठिपक्यांची नक्षी उठवलेला दोनपदरी पेपर नॅपकिन आता सेनगाव-कळमनुरीलाही नवा राहिलेला नाही. तो पाहून कोणीही म्हणेल, नक्षी शोभेची आहे आणि ही सगळी चीज परदेशातून शहरात अन् शहरातून इकडे आली. यंत्र बाहेरून आले हे खरे. नक्षी केवळ शोभेची, हे मात्र खरे नाही. नाजूक पापुद्रे एकावर एक ठेवले की दोन प्रश्न उभे राहतात: ते एकत्र धरून कसे ठेवायचे, आणि वरचा पृष्ठभाग कसा राखायचा? नॅपकिनवरचा ठसा हे त्याचे एक उत्तर. मराठवाड्याने याच प्रश्नांची आणखी दोन उत्तरे फार पूर्वीच काढून ठेवली होती.

पहिले उत्तर पत्रावळीचे. पळसाला पाने तीनच, पण जेवणाऱ्याला ती पुरत नाहीत. म्हणून दाबून सपाट केलेली पाने काठावर काठ चढवून बारीक काड्यांनी टाचायची. डिंक नाही की खळ नाही. काडी खालून वर काढायची, पुन्हा खाली टोचायची आणि उरलेले टोक मोडून टाकायचे; पंगतीत ते टोक कोणाच्या बोटाला लागले तर पत्रावळ लावणारणीची अक्कल निघालीच. जिथे एक पान दुसऱ्यावर चढते तिथेच टाका पडतो, बाकी पान अखंड राहते. थर सगळीकडून चिकटवण्याची गरज नसते, ठरावीक ठिकाणी पकडले तरी पुरते, हे ज्ञान यात आहे आणि ते लहान नाही. पत्रावळ एकदा वापरून उकिरड्यावर जाते म्हणून तिच्या कारागिरीचा इतिहास लिहिण्याच्या फंदात फारसे कोणी पडले नाही. आपल्याकडे टिकाऊ वस्तूंचाच इतिहास होतो.

दुसरे उत्तर दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, आणली आणि दिल्लीहून आलेल्या लोंढ्याबरोबर कागदी कारागीर येथे आले, अशी परंपरा आहे. चिंध्या, गोणपाट, जुने दोरखंड चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे. लगदा हौदात कालवून गवती काड्यांच्या चाळणीवर ताव उचलायचा आणि गिलावा केलेल्या भिंतीवर वाळवायचा. एवढ्याने कागद होतो, पण लिहिण्याजोगा होत नाही. त्यावर बोरू टेकवला तर शाई फुटते. म्हणून ताव खळीत माखायचा, पुन्हा वाळवायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. या घोटाईवरच दौलताबादी कागदाचा लौकिक उभा होता. चित्रकाराला याहून जाड फलक लागे, तेव्हा दोन-चार ताव खळीने एकमेकांवर डकवून आणि घोटून वसली तयार करत. अनेक दख्खनी चित्रे अशा वसलीवर आहेत. म्हणजे बहुपदरी कागद ही विसाव्या शतकाची कल्पना नाही. पदर जोडायला खळ आणि पृष्ठभागाला घोटाई, हा तिचा जुना नियम होता.

नॅपकिनच्या टिश्यू कागदाने हा नियम उलटा केला. कारण साधे आहे: वसलीने पाणी अडवायचे असते, टिश्यूने ते प्यायचे असते. वाफेने तापवलेल्या प्रचंड नळकांड्यावर वाळलेला पापुद्रा पात्याने खरवडून काढतात, तेव्हा त्याला बारीक चुण्या पडतात आणि तो मऊ होतो. एका पदराचे वजन चौरस मीटरला साधारण १४ ते २० ग्रॅम. असे दोन पदर खळीने सरसकट चिकटवले तर ते पुठ्ठ्यासारखे ताठ होतील, आणि घोटले तर मधली पोकळी जाऊन पाणी शोषायला जागाच उरणार नाही. म्हणून कोरीव पोलादी रूळ आणि रबरी रूळ यांच्यामधून कागद जातो. रुळावरचे उंचवटे कागदात रुततात. नॅपकिनच्या कडेला नुसत्या दाबानेच पदर एकमेकांना धरतात, जाड टिश्यू रोलमध्ये फक्त उंचवट्यांच्या माथ्यावर गोंदाचा ठिपका लागतो. इंग्लंडमध्ये १९४२ साली लंडनच्या वॉल्थमस्टो भागातल्या सेंट अँड्र्यू गिरणीने अँड्रेक्स हा दोनपदरी टिश्यू कागद बाजारात आणला. आपल्या राज्यात पुण्याजवळ थेरगावला १९६४ मध्ये स्थापन झालेली पदमजी गिरणी या पातळ कागदांच्या धंद्यातले ओळखीचे नाव आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पत्रावळ, वसली आणि टिश्यू यांना एका माळेत ओवणे म्हणजे ओढूनताणून आणलेला स्वदेशाभिमान. कागजीपुऱ्याचा कोणी कारागीर वॉल्थमस्टोला गेला नव्हता, हे मान्यच. मी वंशावळ मांडत नाही, अडचण एकच होती एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ठशाने कागद कमजोर होतो. उंचवट्याच्या ठिकाणी तंतू ताणले जातात, काही तुटतातही. मग ज्याने ताकद घटते त्याला गरज कसे म्हणायचे? पण हाच आक्षेप माझी बाजू पक्की करतो. नुसत्या शोभेसाठी कोणताही कारखानदार ताकद गमावणार नाही. मोबदल्यात त्याला फुगीरपणा, मऊपणा आणि पदरांची पकड मिळते, म्हणून तो हा व्यवहार करतो. स्वस्तातल्या रोलवरही सहसा ठिपके असतात ते यामुळेच. खरी शोभा आहे ती छपाईत, आणि टिश्यूवरची छपाई पाहिली तर ती किती अंग चोरून असते! घोटलेल्या कागदावर शाई जागच्या जागी बसते. टिश्यू तीच शाई पिऊन टाकतो, शिवाय यंत्रात ताणला की रेघ सरकते. त्यामुळे उठावाच्या लवचिक पट्टीवरून पाण्यात कालवलेली, लवकर वाळणारी शाई अगदी पातळ लावतात. या पद्धतीला फ्लेक्सोग्राफी हे नाव १९५२ मध्ये मिळाले. एखादी वेल, एखादा किनारीचा पट्टा, यापलीकडे छपाईची सहसा मजल जात नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत ठशाची ही विद्या खऱ्या अर्थाने पोहोचली ती द्रोण-पत्रावळीच्या मशीनमधून. तापलेल्या साच्यात कागदाची चकती दाबली की कडेला चुण्या पडतात आणि लिबलिबीत कागद आमटी पेलण्याइतका ताठ होतो. इथे ठशाने ताठपणा मिळतो, टिश्यूत मऊपणा. विद्या तीच, गरज वेगळी. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीने थर्माकोलच्या ताटल्या हटल्या आणि या घरगुती धंद्याला बरे दिवस आले. पुढे जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्याही बंदीत आल्या. पळसाच्या पानाला अशा कोणत्याही अधिसूचनेची भीती नव्हती, हेही नोंदवायला हवे.

आणि गिऱ्हाइकाला एक व्यवहाराची गोष्ट. ठशाने रोल फुगतो, कागद वाढत नाही. तेव्हा दुकानात रोलचा घेर बघून भुलू नका. वेष्टनावर छापलेली पदरांची आणि तुकड्यांची संख्या वाचा, मगच भाव ठरवा.