आडाचे पाणी आणि घराचा कागद

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि पुन्हा ती वर जाते. आमच्या उदगीरच्या वाड्यात हा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. पेटीत काय आहे हे सर्वांना ठाऊक होते: घराचे कागद. त्या कागदांत काय आहे, हे मात्र वडील गेल्यापासून कोणासच ठाऊक नव्हते; कारण ते उर्दूत होते. वडील निजामी अमलातल्या शाळेत शिकले होते, आम्ही महाराष्ट्राच्या.

दोन वर्षांपूर्वी वाडा विकायचे ठरले. धाकटा भाऊ पुण्यात, आक्का सोलापुरात, मी एकटा उदगिरात. माळवद दर पावसाळ्यात गळे आणि डागडुजीला पैसा पुरेना. आजोबांच्या वेळी घराचा भाव खणांवर होई, आता तो चौरस फुटांवर होतो. मोंढ्याकडे जाणाऱ्या वाटेवरची जागा, त्यामुळे गिऱ्हाईक लगेच मिळाले. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, तो स्वच्छ निघाला. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांच्या बरोबरीचा झाला आहे, तेव्हा आक्काची सहीही आम्ही आधीच ठरवून ठेवली. आता उशीर कशाला? पण वडिलांचे एक वाक्य माझ्या कानात राहिले होते: "घर विकताना भिंती दाखवू नये, कागद दाखवावा." म्हणून पेटी उघडली.

उदगीर म्हटले, की वाचकांना लढाई आठवेल. 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामास येथे नमविले आणि साठ लाखांचा मुलूख तहात मिळविला. दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मातबर नावे त्या तहात आहेत. पुढच्याच वर्षी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपत झाले आणि उदगीरचा विजय त्याच्या सावलीत गेला. मला त्या तहात वेगळीच मौज वाटते. लाखांचा मुलूख एका कागदाने इकडून तिकडे गेला. पण किल्ल्याच्या खंदकाबाहेर जो कुंभार, जो कोष्टी राहत होता, त्याच्या घराला त्याचा पत्ताही नसेल. राजे महसुलाचा व्यवहार करीत, रयत भिंतींचा.

पुढे हा भाग निजामाच्या राज्यात राहिला तो थेट 1948 पर्यंत. त्या राज्यात जमिनीला धनी अनेक. काही गावे दिवाणीची, म्हणजे सरकारची. काही सर्फ-ए-खासची, म्हणजे खुद्द निजामाची. काही पायगांची, काही जहागीरदारांची. शेजारशेजारच्या दोन गावांत सारा घेणारा निराळा असे. 1949 साली जहागिरी गेल्या, 1950 साली कूळकायदा आला आणि पाठोपाठ इनामे रद्द करणारा कायदाही झाला. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात संपतो, सातबारावर संपत नाही. आजही एखाद्या उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असे शब्द दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच, की ही जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही. स्वस्तात गुंठा मिळतो म्हणून हुरळून जाणाऱ्याने प्रथम हे शब्द शोधावेत. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याचे तुकडे पाडून विकणारे पुष्कळ आहेत. पण बिनशेती झालेली नसेल, तर ती जागा विकत घेऊनही घर उभे करताना माणूस अडतो.

जिल्ह्यांचीही तीच गंमत. उदगीर जागचे हलले नाही. पण 1956 पर्यंत ते बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत गेले आणि 1982 पासून लातुरात आहे. तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन जिल्ह्यांची नावे!

कागद घेऊन मी गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिली ओळ वाचली. "माहे बहमन, 1353 फसली." फसली सनात 590 मिळवावेत, म्हणजे इसवी सन निघतो, बहमन महिना थंडीत येई. तेव्हा हा कागद 1943 च्या अखेरचा. किंमत 1400 रुपये, सिक्का हाली. हालीचे सात रुपये म्हणजे इंग्रजी कलदार सहा. त्या हिशेबाने आमचा वाडा 1200 कलदारांना आला होता. मास्तरसाहेब हसून म्हणाले, "आज एवढ्यात दाराची कडी येणार नाही."

मग चतुःसीमा आल्या. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस एका व्यापाऱ्याची भिंत आणि पश्चिमेस विकणाऱ्याचे स्वतःचे राहते घर. म्हणजे शेजारच्या चाचांचे! एकाच वाड्याचे ते दोन भाग होते. त्यांच्या वडिलांनी पूर्वेकडचा भाग आजोबांना विकला होता. येथपर्यंत सारे ठीक होते. शेवटच्या ओळींपाशी मास्तरसाहेब थांबले. त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि मला अर्थ सांगितला. अंगणातला आड खरेदीदाराच्या बाजूस गेला असला, तरी विकणाऱ्याच्या घरच्यांना त्यातून पाणी घेण्याचा हक्क राहील, आणि तो 'नस्लन् बाद नस्लन्' राहील. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या.

मी गप्प झालो. आमच्या पश्चिमेच्या भिंतीत एक लहानसे दार आहे. त्यातून चाची आणि त्यांच्या सुना घागरी घेऊन येत. आई म्हणे, "येऊ द्या, पाण्याला नाही म्हणू नये." आम्ही मुले त्या दाराकडे आपल्या घरच्या मोठेपणाची खूण म्हणून पाहत वाढलो. तो मोठेपणा नव्हता. तो त्यांचा हक्क होता आणि त्याची किंमत 1943 सालीच वजा झाली होती.

हे दार आणखी एका दिवसाचे साक्षी आहे. 1948 च्या आरंभी रझाकारांच्या धामधुमीत या भागातली अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. आमचे लोकही गेले. घराची किल्ली चाचांच्या वडिलांपाशी राहिली. 17 सप्टेंबरला निजामाची राजवट संपली, त्यानंतरचे काही दिवस मुसलमान वस्त्यांवर फार वाईट गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची नोंद केली आहे. आजोबा परतले तेव्हा किल्ली मिळालीच, भांडीही मोजून मिळाली. मग त्या घरातली बायकामुले त्याच दारातून आमच्याकडे आली आणि बारा दिवस राहिली. ही गोष्ट घरात कधी मोठ्याने सांगितली गेली नाही.

त्यानंतर घराची परीक्षा मातीने घेतली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याच जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वर हात-दीड हात मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर हजारो निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळले. आम्ही ढेळजेबाहेर रस्त्यावर कित्येक रात्री काढल्या. तेव्हापासून आमच्याकडे जुन्या वाड्याला भाव उरला नाही; भाव येतो तो खालच्या जागेला आणि वरच्या सागवानाला. जुने घर घेणाऱ्याने म्हणूनच भिंतीची जाडी पाहून भुलू नये. ती कशात रचली आहे ते विचारावे.

आणि 2016 सालचा उन्हाळा! लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी आमच्या आडात हातभर पाणी होते. दोन घरे त्यावर जगली.

गिऱ्हाइकाला मात्र तळघरासह दुकाने काढायची होती. आड बुजवणे भागच होते. मी कागदाची गोष्ट सांगितली. दलाल म्हणाला, "आता कोण वाचतंय ते उर्दू? पेटीत होतं, पेटीतच राहू द्या की." गिऱ्हाईक निघून गेले. रात्री धाकट्याचा फोन आला. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्या सौद्यावर अवलंबून होते. "दादा, ऐंशी वर्षांपूर्वीच्या कागदासाठी माझ्या पोरीचं वर्ष घालवणार का?" मला उत्तर सुचले नाही. त्याचे चुकत नव्हते.

सात महिन्यांनी दुसरा खरेदीदार आला. आडाचा कोपरा आणि दारापर्यंतची तीन हात वाट मोकळी सोडायला तो कबूल झाला. भाव अर्थातच उतरला. धाकट्याचा आणि आक्काचा वाटा ठरला होता तेवढाच दिला; उणे पडले ते माझ्या वाट्यातून गेले. तरी पोरीचे ते वर्ष गेलेच, आणि धाकटा अजून पूर्वीसारखा बोलत नाही. हेही येथे लिहिले पाहिजे.

नव्या खरेदीखतात ती जुनी अट मराठीत उतरवून घेतली आणि रीतसर नोंदवली. चाचांच्या नातवाला मी नक्कल नेऊन दिली. तो म्हणाला, "काका, आम्हाला तर वाटत होतं तुम्हीच पाणी देता." मी म्हटले, "आम्हालाही तसंच वाटत होतं."

या दिवाळीत घर घेणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. उतारा पाहा, शोध घ्या, वकील करा, सारे करा. पण एकदा त्या जागेवर सकाळी जाऊन उभे राहा आणि कोणत्या दाराने कोण येते, कोठून पाणी भरते, ते पाहा. मग घरधन्याला विचारा, की त्याच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी आहे काय.