एसएमपीएस बदलण्याआधी त्याचा इतिहास वाचा

पीएचडीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांचा पहिला ‘रिसर्च कॉम्प्युटर’ म्हणजे ऑफिसमधून निघालेला सेकंड हँड ब्रँडेड डेस्कटॉप. कळवणमध्येही तेच. सिम्युलेशनसाठी त्यात ग्राफिक कार्ड टाकलं की लोड आल्यावर मशीन बंद पडतं आणि रात्रभर चाललेला रन वाया जातो. मग कोणीतरी सांगतं, "एसएमपीएस कमी पडतोय, ४५० वॅटचा टाक." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा समजायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

१९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय फक्त ६३.५ वॅटचा होता. या आकड्याची फोड बघा: ५ व्होल्टवर ७ अँपिअर म्हणजे ३५ वॅट, १२ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे २४ वॅट, बाकी उणे व्होल्टेजच्या दोन छोट्या लाइन. चिप्स ५ व्होल्टवर चालायच्या, १२ व्होल्ट मुख्यतः फ्लॉपीच्या मोटरसाठी. लोक हार्ड डिस्क बसवायला लागले तसा हा सप्लाय अपुरा पडू लागला. १९८३ मध्ये आयबीएमने हार्ड डिस्कसह एक्सटी काढला, त्यात सप्लाय थेट १३० वॅटचा. म्हणजे ‘कमजोर सप्लाय बदला’ हा प्रश्न पीसीइतकाच जुना आहे.

पुढे प्रोसेसरची भूक वाढली. ५ व्होल्टवरून एवढी पॉवर न्यायची तर करंट फार वाढतो, आणि तारेतला लॉस करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १२ व्होल्ट घेऊन प्रोसेसरच्या शेजारीच ते कमी करायची पद्धत रुळली. १९९५ च्या इंटेलच्या एटीएक्स स्टँडर्डनंतर २००० मध्ये एटीएक्स१२व्ही आलं आणि ४ पिनांचा वेगळा १२ व्होल्ट कनेक्टर मिळाला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात.

म्हणून लेबलवरचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टचा रकाना वाचा. समजा ‘४५० वॅट’च्या डब्यावर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलंय. गुणाकार १९२ वॅट! उरलेले वॅट अशा लाइनवर मोजलेत ज्या तुमचं कार्ड वापरतच नाही. चांगल्या सप्लायमध्ये जवळजवळ सगळी क्षमता १२ व्होल्टवर असते.

दुसरा धडा कनेक्टरचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही डेस्कटॉपमध्ये कनेक्टर एटीएक्ससारखाच दिसायचा, पण तारांचा क्रम वेगळा होता. साधा सप्लाय जोडला तर बोर्ड जळायचा धोका. आजही अनेक ब्रँडेड मशीनमध्ये ६ किंवा ८ पिनांचे स्वतःचे कनेक्टर आणि वेगळ्या मापाचे डबे असतात. ‘बसतोय’ म्हणजे ‘चालतो’ असं नाही. मॉडेल नंबरवरून पिनांचा क्रम आधी तपासा.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची. शेतातले पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज खाली येतं. ॲक्टिव्ह पीएफसी नसलेल्या स्वस्त एसएमपीएसमध्ये कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० चे १८० व्होल्ट झाले तर साठा जवळपास ६१ टक्क्यांवर येतो. लाइट क्षणभर गेली तरी तग धरायला तेवढाच कमी वेळ मिळतो.

आता कामाचा क्रम: कार्ड आणि प्रोसेसर यांचे वॅट मिळवा, वर थोडी सवड ठेवा, बेरजेला १२ ने भागा. आलेले अँपिअर लेबलवर दिसले तरच खरेदी करा. जुना डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि नवा सप्लाय येईपर्यंत रनमध्ये दर तासाला चेकपॉइंट सेव्ह होईल अशी सोय आजच करा.