टाळांच्या नादातला ख्रिस्त

पूर्व आफ्रिकेतले भाविक ख्रिस्ताला स्वाहिलीत ‘ब्वाना’ म्हणतात. ब्वाना म्हणजे धनी. आपल्या नारायण वामन टिळकांनी मात्र त्याला ‘माउली’ म्हटले! १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, लक्ष्मीबाई दुरावल्या. पण तुकोबा काही सुटले नाहीत. परक्या चालींवरची स्तोत्रे मराठी जिभेवर रुळेनात, हे जाणून आमच्या संभाजीनगरशेजारच्या नगरात, आजच्या अहिल्यानगरात, त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले. भजनाला टाळ आले. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. धर्म पालटला, वाचकहो, पण ओवी तीच राहिली. दुभंगलेले घर तिनेच पुन्हा सांधले, असे मला वाटते.