लघवी लाल दिसतेय? बीट, मुतखडा की सिकलसेल?

लघवी लाल दिसली की आधी आठवा, काल बीट खाल्लं होतं का? टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीनेही लघवी केशरी-लाल होते. ते रक्त नसतं.

खरंच रक्त असेल, तर नागपूरकरांनी पहिली शंका मुतखड्याची घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घाम वाहतो, पाणी कमी पडतं आणि लघवी घट्ट होते. कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ ही त्याची खूण. जळजळ आणि ताप असेल तर बहुधा संसर्ग.

विदर्भात आणखी एक कारण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही: सिकलसेल. फक्त वाहक (एएस) असलेल्या, एरवी ठणठणीत माणसाच्या मूत्रपिंडातूनही रक्त जाऊ शकतं. त्यामुळे डॉक्टरांना घरातली सिकलसेलची माहिती जरूर सांगा.

सगळ्यात फसवं म्हणजे न दुखता एकदाच दिसून थांबलेलं रक्त. चाळिशीनंतर, त्यातही बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, ते मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. लघवी तपासणी आणि सोनोग्राफीपासून सुरुवात होते. प्रताप नगरकरांसाठी मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये युरोलॉजी विभाग आहे. रक्ताच्या गाठी येऊन लघवी अडली, तर ओपीडीची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत जा.